चिकूचा रहिवासी दाखला

माझी भाची कोपनहेगनला असते. डॅनिश भाषेची परीक्षा देऊन झाली, भर थंडीत सायकल हाणून झाली, तरी शेजारी 'हाय'च्या पुढे सरकत नाहीत ही तिची तक्रार. "मामा, परक्या मुलखात रुळायचं कसं?" हे तिने मला विचारलं, कारण मी साताऱ्याचा, बँकेच्या बदलीने डहाणूत येऊन पडलेला. आमच्या घरच्यांच्या लेखी डहाणू आणि डेन्मार्क सारखंच लांब.

तिला म्हटलं, आमच्याकडे उलटी तऱ्हा. पहिल्याच भेटीत चहा मिळतो आणि पाठोपाठ प्रश्न : "तुम्ही मूळचे कुठले?" विचारणाऱ्यालाच उलटा प्रश्न केला की खरी मजा. माझे घरमालक इराणी, त्यांचे आजोबा याझ्दहून आलेले. किनाऱ्यावर ज्याच्या सावलीत पर्यटक फोटो काढतात ते सुरूचं झाड ऑस्ट्रेलियाकडचं. आणि ज्याच्या जिवावर अख्खा तालुका मिरवतो तो चिकू तर थेट मेक्सिकोचा! इराणी बागायतदारांनी त्याच्या वाड्या फुलवल्या आणि 2016 साली त्याला 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मेक्सिकोच्या फळाला सरकारी रहिवासी दाखला, आणि माझ्या आधार कार्डावर अजून सातारा.

बाहेरून येणाऱ्यांच्या रांगेत पारशी सर्वांत पुढे. घोलवड, उंबरगाव ओलांडलं की संजाण. तिथल्या राजाने दुधाने काठोकाठ भरलेला पेला पाठवला, जागा नाही म्हणून. पारशांच्या दस्तुरांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्यात साखर घालून तो परत केला, ही कथा इथे सगळ्यांना पाठ. बदलीवाला माणूस मात्र साखर नव्हे, चहात पडलेलं बिस्किट असतो. विरघळत नाही, तळाशी बसतो आणि शेवटच्या घोटाला लागतो. पुढे संजाण पडलं तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी बहारोटच्या गुहांत बारा वर्षं जपला, असं परंपरा सांगते. बारा वर्षं म्हणजे आमच्या बँकेच्या हिशेबात चार बदल्या.

काहीजण तर जागचे न हलताच परगावचे झाले. उंबरगाव 1960 साली ठाणे जिल्ह्यातून उठून गुजरातेत गेलं. डहाणूकर 2014 साली रात्री ठाणे जिल्ह्यात झोपले आणि सकाळी पालघर जिल्ह्यात उठले. त्याआधी वर्षभर मुंबईची लोकल इथवर आली होती. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे खिडकी मिळते. आणि मुंबईत खिडकी मिळणाऱ्यालाच मूळ रहिवासी म्हणतात.

तलासरीच्या पाड्यांवर मात्र हा खेळ चालत नाही. बचत गटाच्या कर्जासाठी गेलो होतो. ओट्यावर बसलेल्या वारली आजोबांनी माझं गाव विचारलंच नाही. म्हणाले, "साहेब, बदली कधी?"

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की इथे बाहेरून आलेला माणूस बहुधा काहीतरी न्यायलाच आलेला असायचा. सावकार आले, जमीनदार आले, जमिनी गेल्या, वेठ आली. लग्नापुरते पैसे उचलले की नवरा-बायको दोघंही सावकाराचे लग्नगडी. कर्ज द्यायला आलेल्या माझ्यासारख्याने हे ऐकून ओट्यावर जरा सरकूनच बसावं. 1945 साली गोदावरी परुळेकर इथे आल्या त्याही परक्याच, पुण्यात जन्मलेल्या, कायदा शिकलेल्या. पण त्या आल्या वेठ मोडायला, आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्यातूनच झालं. आता वाढवणला बंदर होतंय, बुलेट ट्रेन येतेय. बाहेरच्यांची नवी तुकडी निघालेली आहे, आणि आजोबांचा प्रश्न तयारच आहे.

"तीन वर्षांनी," मी म्हणालो.

आजोबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "मग हप्ते तेवढ्यातच बसवा. नवा साहेब आला का त्याला परत पहिल्यापासून शिकवायला लागतं."