पेटीमास्तर

नांदेड-लातूरकडं पेटी दुरुस्तीला एकटी कधीच येत नाही. सोबत भजनी मंडळातले चौघं येतात आणि चौघांचं निदान आधीच झालेलं असतं. “भाता फाटलाय,” एक जण सांगतो. “सूर पालिताण्याचे नाहीत, तिथंच घात झाला,” दुसरा. मागच्या सप्ताहात पेटीवर चहाचा कप ठेवणारा तेवढा गप्प असतो. मास्तर नेमके त्याच्याकडं बघतात.

तक्रार ठरलेली. “बोट उचललं तरी काळी चार वाजायलीच हाय की, मास्तर!”

पियानोत बोट उचललं की नमद्याची गादी तारेवर टेकते आणि नाद थांबतो. पेटीला तार नाही. तिच्यात वारा अडवावा लागतो. पट्टीच्या मागच्या अंगाला खालून नमदा आणि चामडं चिकटवलेलं असतं. स्प्रिंगच्या दाबानं ते भोकावर घट्ट बसलं, तरच सूर गप्प होतो. पावसाळ्यात लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासलं, स्प्रिंग सरकली किंवा नमदा कसरीनं खाल्ला, की सूर बोलतच राहतो. अध्यक्षीय भाषणासारखा.

मास्तर मात्र सुराला एवढ्यात हात लावत नाहीत. आधी सगळ्या खुंट्या बंद करून भाता भरतात आणि तो किती वेळ दम धरतो ते बघतात. मग हट्टी पट्टी नखानं किंचित उचलून सोडतात, शेजारणीपासून जरा दूर सारतात. शेवटी जाळी काढतात. आतून अक्षता, सुपारीचं खांड, चुरमुरे आणि मंडळाची हरवलेली किल्ली निघते. पट्टीखाली बहुतेकदा अक्षताच अडकलेली असते. चौघंही छताकडं बघू लागतात.

मास्तरांचा खरा राग घरच्या कारागिरांवर. सुराची, म्हणजे रीडची, जीभ टोकाला खरवडली तर स्वर चढतो, बुडाशी खरवडली तर उतरतो. हे अर्धवट ऐकून कुणीतरी ब्लेड चालवतं आणि चांगला सूर कायमचा बाद होतो. अशी पेटी आली की मास्तर आधी ब्लेडवाल्याला शोधतात, चष्मा नंतर.

दुसरा राग रेडिओवर. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीत मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हा आक्षेप. मास्तरांना तो मान्य नाही. “त्यांच्याकडं दुरुस्तीवाला नसंल,” एवढंच ते म्हणतात. हार्मोनियम पॅरिसच्या देबँनं काढली, हेही त्यांना आवडत नाही. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती मांडी घालून वाजवण्याजोगी केली, इतकंच ते ठासून सांगतात.

आषाढी आणि गणपतीच्या आधी त्यांच्याकडं रांग लागते. तेव्हा पेटी वैशाखातच दाखवून घ्या. आणि नेताना फक्त पेटी न्या.