दसरा, पण कोणता?

पुनावळ्यातल्या आमच्या फ्लॅटचा ताबा दसऱ्याला मिळणार होता. कोणत्या, ते विचारायचं राहून गेलं. बिल्डरांवर नजर ठेवायला २०१७ पासून महारेरा आहे. उशीर झाला तर स्टेट बँकेच्या कर्जदरावर २ टक्के चढवून व्याज मागता येतं. मागता येतं, एवढं नक्की. तोवर घरभाडं आणि हप्ता जोडीने चालू.

ब्रोशरमध्ये ‘उपवन’ होतं. साइटवर राडारोड्यावर चार बोटं लाल माती आणि तिच्यावर सतरंजीसारखं अंथरलेलं लॉन. कोपरा उचलून पाहिला (पाहू नये), तर खाली फुटक्या टाइल्स. तीन पाम बांबूच्या कुबड्या घेऊन उभे. एकाच्या बुंध्याशी नर्सरीची काळी पिशवी तशीच. त्यालाही बहुधा अजून ताबा मिळालेला नाही.