वसंताची चिल्लर

चीनमध्ये वसंत आला की शाळांच्या फाटकाबाहेर खोकी उघडतात. आत कोंबडीची पिल्लं: गुलाबी, हिरवी, जांभळी. मूळचा पिवळा बहुधा खपत नसावा. शेजारी रेशमाचे किडे. त्यांचं नशीब बरं, निदान सोबत तुतीची पानं तरी मिळतात.

२०११च्या सुमारास बीजिंगमध्ये तर जिवंत कासवं किल्ल्यांच्या छल्ल्याला लटकली. तळहाताएवढीही नाही अशी प्लास्टिकची पिशवी, चारी बाजूंनी बंद, आत रंगीत पाणी आणि पाय मारणारं पिल्लू. पाण्यात पोषक द्रव्यं आहेत म्हणे! हवेचं कुणी विचारू नये. कायदा जपतो तो वन्यप्राण्यांना. हे पडलं पाळीव. काही दयाळू लोक कासवं सोडवायलाच विकत घेत. विक्रेते खूश, असलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.