आत्या हाताळताना : नवशिक्या भाच्यांसाठी सोपी माहितीपुस्तिका

अभिनंदन! तुम्हाला आत्या आहे.

ही जन्मासोबतच मिळते. बदलून मिळत नाही, परत घेतली जात नाही आणि सोबत माहितीपुस्तिकाही येत नाही. म्हणून हा खटाटोप.

तिची पहिली गाठ बारशाला पडते. तुमच्या कानात नाव सांगते ती आत्या, आणि ‘कुर्रर्र’ झाल्याबरोबर पाठीत धपाटे खाते तीही आत्याच. म्हणजे तुमच्यापायी पहिला मार तिने खाल्लेला आहे. पुढची कलमं वाचताना एवढं ध्यानात ठेवावं.

चाचणी ज्या जोडीवर झाली ती अशी. आत्या : वय ७७, मुक्काम वाई, सोवळं-ओवळं, चातुर्मास, सगळं साग्रसंगीत. भाची, म्हणजे मी : वय २८, मुक्काम पुणे, केस कानांच्या वर, मनगटावर टॅटू, लग्न नाही, मोटारसायकलवर एकटीच स्पितीला जाऊन आलेली.

कलम १ : माहिती देऊ नये

जुन्या माणसांना नव्या गोष्टी समजावून सांगाव्यात, असा नवशिक्यांचा समज असतो. माझी आत्या ज्या गावात राहते तिथे मराठी विश्वकोशाचे खंड तयार झाले. अशा गावातल्या बाईला तुम्ही माहिती पुरवू नये. विचारावं. विचारलं की ती सांगते. न विचारताही सांगते, पण विचारल्यावर वेगळं सांगते.

कलम २ : भाषा शिकून घ्यावी

‘बारीक झालीस’ : वजनकाट्याशी संबंध नाही. ताटात आणखी एक पोळी पडणार, एवढाच अर्थ.

‘एकटीच गेलीस?’ : यात दोन प्रश्न असतात. एक काळजीचा. दुसरा, ‘कसं वाटलं गं?’ दुसऱ्याचं उत्तर आधी द्यावं.

‘लग्नाचं काय?’ : तिलाही दुसरं काय विचारावं ते सुचत नसतं. तुमच्या कामाचं नाव तिला उच्चारता येत नाही, लग्नाचं येतं. तेव्हा तिला कामाबद्दल काहीतरी विचारण्याजोगं द्यावं.

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ : नऊ वेळा ही तक्रार असते. दहाव्या वेळी आवाज खाली येतो. त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवावा.

कलम ३ : पळवाट पंचांगात शोधावी

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत या घरात कांदा, लसूण, वांगं बंद. यावर वाद घालणाऱ्या भाच्या चार महिने उपाशी राहतात. शहाणी भाची आषाढ शुद्ध नवमीला पोचते. त्या दिवशी कांदेनवमी. चार महिन्यांचा कांदा एका दिवसात वसूल करायची सोय परंपरेनेच करून ठेवलेली आहे. आत्या त्या दिवशी खेकडाभजी करते आणि माझ्याहून दोन जास्त खाते.

कलम ४ : भाषण तयार असेल तर गिळावं

हे कलम अवघड आहे. सावकाश वाचावं.

एका श्रावणी शुक्रवारी मी वाईत होते आणि नेमकी माझी पाळी आली. मी ते लपवलं नाही. उलट जरा मोठ्यानेच सांगितलं, कारण भाषण तयार होतं. आत्या पुरणयंत्र फिरवत होती. म्हणाली, ‘बरं. मग तिथे दारात बस. आत नको येऊस.’

भाषणाचं पहिलं वाक्य ओठांवर आलं होतं. का कोण जाणे, ते सोडून मी विचारलं, ‘तुला राग नाही यायचा, आत्या?’

तिचा हात थांबला नाही. ‘यायचा ना! तहान लागली तरी दुसऱ्याला हाक मारायची. कुणीतरी वरून पाणी ओतायचं. कुत्र्यालासुद्धा भांडं असतं.’ मग दोन फेरे गप्प. ‘पण वाचायला तेवढेच तीन दिवस मिळायचे. रमाबाई रानड्यांच्या आठवणी तशाच वाचल्या. थोड्या राहिल्या होत्या, तर चौथा दिवसही बसून काढला. सांगितलं, अजून आहे म्हणून.’

मी हसायला लागले. तीही हसली. रमाबाई शिकत होत्या तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांना टोचून टोचून बेजार केलं होतं, ते मला ठाऊक होतं. ते मी बोलूनही दाखवलं. आत्या म्हणाली, ‘हो, पण तिला निदान नवऱ्याची साथ होती.’

आजोबांच्या आणि काकांच्या कौतुकावर वाढलेल्या माझ्या कानांना हे वाक्य नवीन होतं. त्यावर काय बोलावं ते कळेना, म्हणून काहीच बोलले नाही. नवशिक्यांनीही तेच करावं.

नैवेद्याचं ताट देवापुढे गेलं. मला आत घेतलं नाही ते नाहीच. पण मग आत्याने पुरणयंत्र उचलून दारात माझ्यापुढे ठेवलं. ‘देवाचं झालं. हे आपलं. फिरव.’

समजून घेणं म्हणजे पटणं नव्हे. तिला माझं पटलेलं नाही, मला तिचं पटलेलं नाही. पुरण मात्र दोघींनी मिळून वाटलं.

कलम ५ : नेहमीचे बिघाड

*आत्याने अबोला धरला आहे.* फोन करून ‘साखरआंब्याला कैरी उकडूनच घ्यायची ना?’ असं विचारावं. चुकीची कृती ऐकून गप्प बसणारी आत्या अजून जन्माला यायची आहे.

*भाचीने अबोला धरला आहे.* ‘तुझ्या त्या सहलीचे फोटो दाखव’ म्हणावं. फोटो बघताना ‘हा मुलगा कोण?’ विचारू नये. तो मुलगा प्रत्येक फोटोत असला तरी विचारू नये.

पुरवणी : आत्यांसाठी

कापलेले केस वाढतात. एकटी राहते म्हणजे एकाकी आहे असं नाही. टॅटू बघून कपाळाला हात लावण्याआधी आपल्या आईच्या हातावरचं गोंदण आठवावं. ते चालत होतं आणि हे चालत नाही, यात फरक सुईचा की काळाचा, ते ठरवावं.

शेवटची सूचना

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. पंचाहत्तरी पूर्ण झाल्यापासून आत्या आधार कार्ड पर्समध्ये टाकून पंढरपूर, अक्कलकोट आणि गणपतीपुळे करून आली आहे. बरोबर कोणी नाही. मी त्याला सोलो ट्रिप म्हणते, ती ‘जरा जाऊन येते’ म्हणते.

दुपारी दोन ते चार तिच्या झोपेची वेळ. ती सोडून केव्हाही फोन करावा. उचलला नाही तर काळजी करू नये. ती एसटीत असेल, खिडकीशी.