खडपवीर

ज्या घरातल्या कॅलेंडरवर संकष्टी कोरी आणि अष्टमीभोवती लाल गोल असतो, त्या घरात खडपवीर राहतो असं खुशाल समजावं. हा माणूस देवभोळा नाही. लग्नाच्या वाढदिवसाची त्याला आदल्या रात्री कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. पण पुढच्या चार महिन्यांतल्या तिथी तोंडपाठ. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला जबर ओढ लागते, शिसं तळाला ठरत नाही. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी सुस्त, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सरळ खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, उतरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब तो भर मीटिंगमध्ये मनातल्या मनात करत असतो आणि साहेबांना वाटतं, तिमाहीच्या आकड्यांवर विचार चाललाय. पुतणीच्या साखरपुड्याला अष्टमीचा मुहूर्त निघाला तेव्हा ‘शुभकार्याला पौर्णिमाच चांगली’ असा त्याने इतका हट्ट धरला, की घरच्या वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावले. पोरगं उशिरा का होईना, धर्माला लागलं!

खडपवीर हा बहुधा पुण्यात, ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत राहतो. नोकरी बँकेत, विम्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये. वय चाळिशीच्या पलीकडे, पाठ थोडी धरलेली. जोडीला असेच चार सवंगडी. सवड मिळाली की हे पाच जण रात्रभर गाडी हाकत मालवण, देवबाग किंवा निवती गाठतात आणि पहाटे मतलई वारा असतानाच होडीत बसतात. जाताना ‘मासे आणायला चाललो’ असं तो कधीच म्हणत नाही. मासे गल्लीच्या तोंडाशी मिळतात. तो ‘फायटिंगला’ जातो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या दोन महिन्यांत तो रीलला तेल घालतो, गंजलेल्या गऱ्या बदलतो आणि घरच्यांशी बोलतो. पैकी तिसरं काम अंगवळणी पडेपर्यंत नारळी पौर्णिमा येते.

त्याच्या सामानाबद्दल घरात एक अधिकृत आणि एक खरी अशा दोन किमती असतात. जपानी रीलची अधिकृत किंमत ‘मित्राने दिलं, जुनंच आहे’. रॉड कुरिअरने ऑफिसच्या पत्त्यावर येतो. पण सहा-सात फुटांचं पुडकं लोकलमधून घरी आणताना अडचण होते. मग तो पडद्याचा दांडा असल्याचं सांगतो. ‘या घरात खिडक्या चार आणि दांडे अकरा,’ एवढंच त्याची बायको, म्हणजे आपल्या वहिनी, म्हणतात आणि पुन्हा भाजी निवडायला लागतात. वहिनींचं माहेर वेंगुर्ल्याचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

होडीचा तांडेल गाबीत, वयाने खडपवीराच्या वडिलांचा धाकटा भाऊ शोभेल असा. खडपवीराकडे पाण्याखालचं चित्र दाखवणारा फिशफाइंडर असतो. तांडेल एकदा किल्ल्याच्या बुरुजाकडे बघतो, एकदा मागच्या डोंगराकडे, दोन्ही खुणा हव्या तशा जुळल्या की इंजिन बंद करतो. बरोबर त्याच क्षणी फिशफाइंडर टुकटुक करून ‘खाली खडप आहे’ असं कळवतो. तांडेलाचं हत्यार म्हणजे लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, टोकाला गरी, शिसं आणि माकुलाचा तुकडा. होडीत लाखभराचं सामान आणि हा लाकडाचा तुकडा यांत दिवसभर अघोषित सामना चालतो. त्याचा निकाल खडपवीर घरी कधीच सांगत नाही.

पहिला झटका बहुधा त्यालाच बसतो. रॉड वाकतो, तोंडातून किंकाळी फुटते, सवंगडी मोबाईल काढतात. तांडेल बिडी न विझवता म्हणतो, ‘‘सायबानू, मासो नाय तो. दगड लागलो.’’

पण कधीकधी तो खरोखर मासा असतो, आणि इथून खडपवीर ऐकण्यासारखा होतो. गोबरा घ्या. हा खडपाच्या कपारीत दबा धरून बसतो, समोरून काही गेलं की झडप घालतो आणि घास तोंडात धरून तसाच मागे फिरतो. त्याच्याशी झुंज जेमतेम पाच-सहा सेकंदांची. तेवढ्यात त्याला तळापासून वर उचललात तर तो तुमचा. नाही उचललात तर तो बिळात शिरून कल्ले फुगवतो आणि अंग ताठ करून बसतो. मग दोरी खडपाला घासून तुटते. तांबोशीची तऱ्हा तीच, फक्त घाई दुप्पट. घास आणि पळ या दोन गोष्टी ती एकाच हिसक्यात उरकते. इसवण, म्हणजे मुंबईकरांची सुरमई, तळाच्या भानगडीत पडत नाही. पाण्याच्या वरच्या थरात ती अशी सुसाट पळते की रील ओरडायला लागतं. तिचे दात कात्रीसारखे, साधी दोरी कापून मोकळी. तार लावावी तर तिला ती दिसते आणि ती फिरकत नाही. तार लावावी की लावू नये या प्रश्नावर खडपवीरांमध्ये दोन पंथ आहेत, आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत नाही.

जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली, हे त्याचं कुलदैवत. पाण्यावर पॉपर, म्हणजे नकली आमिष, आपटत ओढला की ही आडदांड मासळी खालून येऊन त्यावर तुटून पडते, मग अंगाची रुंद बाजू पाण्याला आडवी धरते आणि ओढत राहते. अर्धा तास झाला तरी ओढतच राहते. खडपवीराचे खांदे भरून येतात, जुन्या पाठीचा मणका बोलायला लागतो, आणि चेहऱ्यावर मात्र असा आनंद पसरतो, जो त्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये सापडत नाही. मोडसो उलट्या स्वभावाचा. पुष्कळदा शहाण्यासारखा होडीपर्यंत येतो, मुकाट वर घेऊ देतो, आणि फळीवर पडल्यावर त्याला आपण कुठे आहोत ते उमगतं. मग डबे, बाटल्या, चष्मे, नडग्या, काही शाबूत राहत नाही. वागळा गरीला लागला की तळाला असा चिकटून बसतो की तो आहे की दगड हे तांडेलालाही क्षणभर कळत नाही. केंड तर बाहेर येताच पोटात हवा भरून चेंडू होतो. विषारी म्हणून खाता येत नाही, लढला नाही म्हणून सांगता येत नाही.

एवढ्या अभ्यासाचा परिणाम असा, की खडपवीराला माणसंही आता माशांच्याच जातीची दिसतात. ऑफिसातला एक जण गोबरा, पहिल्या पाच सेकंदांत फाईलवर सही घ्यायची, नाहीतर तो केबिनमध्ये शिरून ताठ बसतो. दुसरी इसवण, सुरुवातीला धडाका आणि दुपारनंतर गार. नवीन साहेब मोडसो. मुलाखतीत इतका गरीब होता! सासरेबुवांना त्याने कोणत्या जातीत घातलंय ते तो सांगत नाही, पण वागळ्याचा विषय निघाला की गालातल्या गालात हसतो.

आता स्वयंपाकघर. इथे खडपवीराची विद्या संपते आणि वेंगुर्ल्याच्या वहिनींची सुरू होते. त्याच्या लेखी माशाची योग्यता झुंजीवर ठरते. सरंग्याचा, म्हणजे पापलेटाचा, त्याला मनापासून तिटकारा. तो गरीला सहसा लागतच नाही. ‘जाळ्यात गप पडून येतो तो मासा कसला?’ असं म्हणत तो हॉटेलात दोन तळलेले सरंगे संपवतो. वहिनींच्या लेखी योग्यता तव्यावर आणि कढीत ठरते, आणि दोन्ही याद्या एकमेकींसमोर ठेवल्या तर जवळजवळ उलट्या निघतात. मुडदुशी बोटाएवढी, लढणं माहीतच नाही, आणि रव्यात घोळवून तळली की ताटात दुसरं काही नको. जीटी अर्धा तास लढते, आणि तिचं मांस लालसर, उग्र. पकडल्या पकडल्या रक्त काढून बर्फात ठेवलं नाही, तर भरपूर तिरफळं घालूनही कालवण हट्ट सोडत नाही.

याला कारण आहे, आणि ते सांगताना खडपवीराचा आवाज थोडा खाली येतो. तासन् तास पोहणाऱ्या माशाला लाल स्नायू लागतो. त्यात रक्त जास्त, तेल जास्त, दम जास्त आणि वासही जास्त. म्हणून जीटी आणि कुपा, म्हणजे ट्यूना, दोघेही गडद मांसाचे. गोबरा आणि तांबोशी बसून असतात, एकदाच झेपावतात. त्यांचं काम पांढऱ्या स्नायूवर भागतं. मांस पांढरंशुभ्र, जाड पाकळ्यांनी सुटणारं, चव सौम्य. इसवण कुप्याच्याच कुळातली, पण धाव घेणारी, ओढत बसणारी नव्हे. म्हणून तिची तुकडी घट्ट आणि मधल्या एका काट्याची. नियम मोडतो तो मोडसो. लढतोही आणि लोण्यासारखा लागतोही. त्याला खडपवीर मनातून पूज्य मानतो.

पण घोटाळा याच्याही पुढचा आहे. मासा जितका जास्त वेळ लढतो, तितकं त्याच्या स्नायूंत आम्ल साठतं, अंग तापतं, मांस नरम आणि आंबूस होतं. म्हणजे ज्या अर्ध्या तासासाठी खडपवीर रात्रभर गाडी हाकतो, तोच अर्धा तास माशाची चव घालवतो. वहिनींना आम्ल वगैरे माहीत नाही. एकदा बर्फाच्या पेटीतून दोन गोबरे निघाले, एकाच खडपावरचे, वजनाला सारखे. एक खडपवीराने तळापासून उचलल्यावर पातळ दोरीवर, मुद्दाम कमी ताण ठेवून, खेळवत खेळवत आणलेला. दुसरा तांडेलाने तंगुसावर हाताने सपासप ओढून वर घेतलेला आणि जाताना ‘वहिनीक द्या’ म्हणून दिलेला. कुणाचा कुठला ते खडपवीराने सांगितलं नाही. वहिनींनी दोन्ही कापले, दोन्हींचं सोलं घालून तिखलं केलं, एकेक घास खाल्ला आणि एका भांड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘हा चांगलाय. तो दुसरा… अहो, त्याला फार पळवलंय कुणीतरी.’’

त्या रात्री खडपवीर जेवताना काही बोलला नाही, अशी नोंद आहे.

अलीकडे त्याने मासे सोडायला सुरुवात केली आहे. फोटो काढायचा, पाठीवर हात फिरवायचा, पाण्यात सोडायचं. तांडेलाला ही गोष्ट पहिल्यांदा दिसली तेव्हा त्याने विचारलं, ‘‘सोडलात? मग धरलात कित्याक?’’ यावर खडपवीर निसर्गरक्षणाचं छोटं भाषण देतो, आणि ते चुकीचं नसतं. चोणक, म्हणजे रायगडातला जिताडा, जन्मतो नर आणि मोठेपणी मादी होतो. म्हणजे मोठी चोणक ही अंड्यांची खाण. गोबऱ्याचं नेमकं उलटं, तरुणपणी मादी आणि पिकल्यावर नर. थोराड गोबरे सगळे काढले तर उरलेल्या बायकांचा संसार अडतो. फार खोलातून वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगून जठर तोंडात येतं, त्याला नुसता पाण्यात टाकून उपयोग नाही, हेही तो सांगतो. फक्त एक बारीकशी गोष्ट सवंगड्यांच्या लक्षात आली आहे. आजवर सोडलेल्यांत जीटी पुष्कळ आणि तांबोशी एकही नाही. हा योगायोग आहे, असं तो म्हणतो. वहिनींना गोबऱ्या-चोणकीचं हे लिंगांतर फार आवडलं. ‘‘म्हणजे चोणकीला अक्कल येते तशी ती बाई होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि गोबऱ्याचं काय होतं, ते मी रोज बघतेच.’’

खडपाची जागा हे त्याचं एकमेव गुपित. बँकेचा पिन बायकोला ठाऊक, पगार शेजाऱ्यांना ठाऊक. पण खडपाचे आकडे मुलांच्याही हाती लागणार नाहीत. फोटो पाठवताना तो मागचा डोंगर, किल्ला, वेंगुर्ला रॉक्सचा दीपस्तंभ असं सगळं कापून टाकतो, म्हणून त्याच्या प्रत्येक फोटोत एक मासा, दोन हात आणि अर्धा चेहरा एवढंच असतं. गंमत अशी की त्या खडपावर तांडेलाच्या आज्यापणज्यापासून लोक गरवत आले आहेत, आणि सबंध वाडीत ती जागा माहीत नसलेला माणूस शोधायचा तर पुण्याहूनच आणावा लागेल.

प्रत्येक खडपवीराचं एक स्वप्न असतं: आंग्रिया बँक. विजयदुर्गापासून सुमारे 100 किलोमीटर आत, भर समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. पाणी इतकं नितळ, म्हणे, की तळ दिसतो. दर वर्षी ‘या वर्षी आंग्रिया’ असं ठरतं. मग कुणाच्या मुलाची दहावी निघते, कुणाची पाठ, कुणाची बायको. तांडेलाला विचारलं तर तो समुद्राकडे बघत म्हणतो, ‘‘थंय मासो मोठो. पण परत येवची वाट तेच्याहून मोठी.’’ खडपवीर मान डोलावतो, मनातून सुटकेचा श्वास सोडतो आणि पुढच्या अष्टमीला जुन्याच खडपावर येतो.

अशा माणसाला जेवायला जरूर बोलवावं. तो सज्जन असतो, वेळेवर येतो, येताना सोलं आणतो आणि राजकारणावर वाद घालत नाही. फक्त त्या दिवशी वरण-भात, बटाट्याची भाजी असा शुद्ध शाकाहारी बेत ठेवावा. चुकून मासा वाढलाच, तर तुकडी मोडता मोडता ‘हा किती किलोचा असेल हो?’ असं मात्र कुणी विचारू नये. भात निवतो, कढी सायीला येते, आणि तो अजून दोरी सोडतच असतो.