स्ट्रॉबेरी, लंडन आणि कुमठा नाका

सोलापूरच्या व्यापाऱ्याला एका खर्चात एकच काम झालेलं खपत नाही. तो पुण्याला लग्नाला गेला तर डोळे तपासून येतो आणि डोळे तपासायला गेला तर भाचीसाठी स्थळ बघून येतो. त्यामुळे २०२५च्या जूनमध्ये आमच्या पेठेतले एक टॉवेलवाले सावकार "विम्बल्डनला जायलोय" म्हणाले, तेव्हा पुढचं वाक्य आम्हाला पाठच होतं. "नुसत्या टेनिसपायी एवढा पैसा घालवायला मी येडा आहे का बे? सकाळी लंडन, दुपारी टेनिस, संध्याकाळी खरेदी!"

टेनिसचा अभ्यास त्यांनी पक्का केला होता. फक्त पंधरा, तीस आणि त्यानंतर एकदम चाळीस हा हिशेब त्यांना पटत नव्हता. मधले पाच कोण खातं, हे लंडनला गेल्यावर विचारायचं ठरलं.

आधी चौकशी झाली आपल्याच विमानतळावर. विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडून दोन वर्षं झाली होती आणि ९ जूनला विमानही सुरू झालं होतं. पण ते गोव्याला. सावकार मुकाट्याने पहाटेच्या वंदे भारतमध्ये बसले.

६ जुलैला आषाढी एकादशी होती. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, पण "त्या गर्दीत तासन् तास कोण उभं राहील?" म्हणून सावकारांनी कित्येक वर्षांत त्या दिवशी तिकडे पाऊल टाकलेलं नाही. त्याच एकादशीच्या आदल्या रात्री ते विम्बल्डन पार्कच्या ओल्या गवतावर तंबू ठोकून रांगेत पडले होते. रांगेचे नियम छापील असतात. प्रत्येकाला नंबराचं कार्ड. एका तंबूत दोघंच. चप्पल किंवा पिशवी ठेवून जागा धरायची आपली पद्धत तिथे चालत नाही. कुणा आमदाराचं पत्र चालतं का, हेही सावकारांनी अदबीने विचारून पाहिलं.

व्हीआयपी दर्शन मात्र तिथेही आहे बरं का. सेंटर कोर्टवर पाच वर्षं रोजची खुर्ची हवी असेल तर डिबेंचर घ्यायचं. २०२६ ते २०३० या काळासाठी त्याचा भाव एक लाख सोळा हजार पौंड, म्हणजे सव्वा कोटी रुपयांच्या वर. आपल्याकडे कुणाच्या ओळखीने कोण आत गेलं, ते कळत नाही. तिथे दरपत्रक असतं, एवढाच काय तो फरक.

सेंटर कोर्टची रांगेतली पाचेकशे तिकिटं पुढच्यांनीच नेली. सावकारांच्या हाती आला तीस पौंडांचा मैदान-पास. ते टेकडीवर बसले आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर सामना बघितला. सोलापुरात बाळीवेशीतल्या घरी टीव्हीवर हाच सामना पंख्याखाली, भजी खात दिसला असता. पण त्याचा फोटो कुणाला पाठवणार? स्ट्रॉबेरी मात्र त्यांनी मनापासून खाल्ली. २०१० ते २०२४ तिचा भाव अडीच पौंडांवर हलला नव्हता. २०२५ला वीस पेन्स वाढले, तर तिकडच्या वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या. पंधरा वर्षं भाव न वाढवणारा दुकानदार असू शकतो, या धक्क्यातून सावकार अजून सावरलेले नाहीत.

राहिलं लंडन. रात्रभर जागल्यामुळे ते दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर डोळे मिटून झालं. मुलाच्या यादीत '१०, किंग हेन्रीज रोड' होतं. विद्यार्थिदशेत बाबासाहेब आंबेडकर जिथे राहिले, ते हे घर. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. तिथे तंबू टाकून रात्र काढावी लागत नाही, असं कळल्यावर सावकारांनी ते यादीतून खोडलं.

खरेदीसाठी वेळ निघाला, तो कसा न निघेल? ज्यांच्या घरात तीन पिढ्या टॉवेल विणले जातात, ज्यांच्या गावच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते सावकार दुकानासमोर पुन्हा रांग लावून विम्बल्डनचा टॉवेल घेऊन आले. हा टॉवेल 'क्रिस्टी' कंपनीचा. कंपनी २००६ पासून आपल्या वेलस्पनच्या मालकीची, आणि टॉवेल विणला जातो गुजरातेत वापीला. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "असू दे की. शिक्का तर तिकडचा हाय ना?"

आता उलट बाजू. आपल्या कुमठा नाक्यावर महिलांच्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाल्या आहेत आणि परदेशी मुली त्यासाठी सोलापुरात येऊन राहिल्या आहेत. टेनिस अधिक शहर हा दौरा त्यांनाही करता येईल. पण गावात बघायला काय आहे, असं कुणी विचारलं की आपण तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर सांगतो. तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर आणि शेजारचा भुईकोट किल्ला आपल्याला आठवतच नाही. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासोबत ब्राँझ जिंकली, २०१६ ला तिच्याचबरोबर रिओ ऑलिम्पिक खेळली. सावकारांना विचारलं तर म्हणाले, "बार्शीची? मग आपलीच की. कधीपण बघता येईल."

म्हणून संयोजकांना हात जोडून विनंती आहे. पुढच्या स्पर्धेला कुमठा नाक्यावर आदल्या रात्रीपासून रांग लावा, तंबूला दोघांचीच मुभा ठेवा आणि तिकीट पौंडांत घ्या. सावकार सहकुटुंब येतील.