गुरुत्वढकल

डोंबिवलीत सोसायटी तिथे एक आइनस्टाइन असतोच. आमच्याकडचे काका बँकेतून निवृत्त झाले आणि विश्वाच्या मागे लागले. त्यांचा प्रबंध स्पायरल बाइंडिंगमध्ये तयार आहे. मुखपृष्ठावर आकाशगंगा, आत समीकरणांपेक्षा उद्गारचिन्हं जास्त. झेरॉक्सवाल्याने सातवं पान उलटं लावलंय, ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. काकांच्याही.

"गुरुत्वाकर्षण म्हणजे आकर्षण नाहीच. कुणी कुणाला ओढत नाही. सगळे ढकलतात," हे त्यांचं पहिलं वाक्य. त्याला त्यांनी 'गुरुत्वढकल' असं नाव दिलंय.

हा सिद्धांत डोंबिवलीकरालाच सुचायचा. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये इथला माणूस चढत नाही, चढवला जातो; आणि ठाण्याला उतरायचं की नाही हेही मागचे ठरवतात. काका म्हणतात, "समज, दारात तू आणि मी चिकटून उभे. आपल्या मधून ढकलायला कुणाला जागाच नाही. बाहेरून मात्र अख्खा प्लॅटफॉर्म ढकलतोय. मग आपण एकमेकांवर दाबले जाणार की नाही? पृथ्वी आणि चंद्राचं तेच."

गंमत अशी की जिनिव्हाच्या जॉर्ज-लुई ल साज यांनी अठराव्या शतकात हेच मांडलं होतं, तेही लोकलचा पास नसताना. अवकाशात अतिसूक्ष्म कण सगळ्या दिशांनी धावताहेत. दोन गोल एकमेकांना त्या कणांपासून आडोसा देतात, म्हणून मधल्या बाजूने मार कमी आणि बाहेरून जास्त. अंतर दुप्पट झालं की आडोसा चौपट कमी होतो, म्हणजे न्यूटनचा नियम आयताच हाती लागतो. न्यूटनने नियम दिला तरी कारण सांगायचं टाळलं होतं. त्यामुळे या कल्पनेने पुढे भल्याभल्यांना भुरळ घातली.

ती का बुडाली, हेही मुंब्र्याच्या आसपास दारातून आत सरकू पाहणाऱ्याला लगेच कळेल. पुढे जाणाऱ्याला समोरूनच जास्त धक्के बसतात. सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने धावणारी पृथ्वी अशाने मंदावून केव्हाच सूर्यात गेली असती. कण अफाट वेगवान मानले तर हा अडथळा टळतो, पण मग धक्क्यांची उष्णता कुठे जाणार? मॅक्सवेलने 1875 मध्ये हाच आक्षेप घेतला : सगळे पदार्थ तापून पांढरे व्हायला हवे होते. मे महिन्यात दांडा धरून उभ्या असलेल्याला हे मॅक्सवेलने सांगायला नको.

ग्रहांबद्दलही काकांचं मत पक्कं आहे. सूर्यावर काहीतरी आदळलं, शिंतोडे उडाले, झाले ग्रह. हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँने 1749 मध्ये म्हटलं होतं. आदळणारा त्याने धूमकेतू धरला होता. काका पावणेतीनशे वर्षं उशिरा पोचतात, पण पोचतात स्वतःच्या पायांनी. आजचं शास्त्र कांट आणि लाप्लास यांच्या वाटेचं : वायू-धुळीचा ढग स्वतःच्याच गुरुत्वाने आकसतो, मधे तारा होतो, भोवतीच्या चकतीत ग्रह. पण त्यातही एक खोच होती. सूर्यमालेचं 99.8 टक्के वस्तुमान सूर्यापाशी, आणि फिरण्याचा जवळपास सगळा संवेग ग्रहांकडे! हा हिशेब लागेना, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स जीन्ससारखा पंडितही शेजारून गेलेल्या ताऱ्याने सूर्यातला ऐवज ओढून काढला असं म्हणू लागला. हे सांगितल्यावर काकांनी मला चहा पाजला.

आमच्याकडचे दुसऱ्या जातीचे हौशी लोक डबा आणि दुर्बीण घेऊन कर्जत लोकलने वांगणीला जातात आणि रात्रभर आकाश बघतात. काका कधी गेले नाहीत. "बघून काय करायचंय? सिद्धांत तर तयार आहे."

फार ताणलं की ते हुकमाचं पान काढतात : "आणि केतकरांचं काय?" इथे मात्र मी जरा सावरून बसतो. व्यंकटेश बापूजी केतकर हे पेशाने शाळामास्तर. ना वेधशाळा, ना मोठी दुर्बीण. ज्योतिर्गणिताचा नाद मात्र जबर. गुरूच्या उपग्रहांच्या गतींमध्ये लाप्लासला सापडलेला मेळ त्यांनी ग्रहांना लावून पाहिला आणि नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत असं 1911 मध्ये फ्रेंच ज्योतिर्विद संस्थेच्या पत्रिकेत छापून आणलं. नावं ठेवली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या सुमारे 39 पट, फेरी सुमारे 242 वर्षांची. 1930 च्या फेब्रुवारीत प्लूटो सापडला : अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरी 248 वर्षांची. शोधणारा क्लाइड टॉमबॉ हाही शेतकऱ्याचा चोवीस वर्षांचा मुलगा, तोवर कॉलेजात न गेलेला. केतकर त्याच वर्षी वारले.

यात योगायोगाचा वाटा मोठा, हे मान्य करायला हवं. प्लूटो चंद्राहूनही हलका निघाला, 2006 मध्ये ग्रहपदावरून उतरला, आणि विष्णूचा अजून पत्ता नाही. पण केतकरांनी आकडे छापले होते. चुकले असते तर कुणीही दाखवून दिलं असतं.

म्हणून मी म्हटलं, "काका, तुम्हीही एक आकडा द्या. तुमच्या ढकलीने पृथ्वीचं वर्ष दर शतकाला किती सेकंदांनी कमी होतं?"

काकांनी प्रबंध मिटला. "आकडेमोड बँकेत पुष्कळ केली. तत्त्व मी दिलंय. आकडा काय, पुण्याच्या आयुकातलं कुठलंही पोरगं काढेल."